हौदावरचा पंजा

फार मागे, आजच्या कुणाच्याही पणजोबाला आठवणार नाही इतक्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते. त्या नगरात गिलावा करणाऱ्यांची बारा घरे होती. भिंत कुणीही बांधो, तिला चुन्याचा गिलावा देण्याचा मान या बारा घरांचा.

त्यांची एक रीत होती. काम पुरे झाले की त्यांचा मुकादम ओल्या चुन्यात आपल्या उजव्या हाताचा पंजा उमटवी. त्या ठशाचा अर्थ नगरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होता. ‘ही भिंत मी जाणतो, आणि परमेश्वरासमोर तिच्याबद्दल उत्तर देईन,’ असे तो पंजा सांगे. बायका त्याला हळदकुंकू लावीत. त्यानंतरच नव्या घरात चूल पेटे, कोठारात धान्य पडे, हौदात पाणी सोडले जाई.

नगराच्या वरच्या अंगाला एक जुना दगडी हौद होता. तीन पिढ्या तो कोरडा पडला होता. खालच्या आळीतल्या विहिरींचे पाणी खारट, आणि डोंगरातला झरा उन्हाळ्यात आटे. हौद भरला, तर खालची आळी उन्हाळा काढू शकेल, हे राजाच्या ध्यानात आले. माघी पौर्णिमेला आपण स्वतः येऊन त्यात पाणी सोडू, असे त्याने जाहीर केले.

राजाच्या कारभाऱ्याने मुकादमाला हौदावर बोलावले. पौर्णिमेला वीस दिवस उरले होते.

मुकादम पायऱ्या उतरून आत गेला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ होता आणि चुना मळणारी म्हातारी होती, जिला बाराही घरे आत्या म्हणत. मुकादमाने भिंतीवर बोटांची पेरे वाजवली. भिंत बद्द वाजली. त्याने नख लावले, तेव्हा शेवाळाचे साल निघाले. दोन दगडांमधल्या सांध्यात त्याने काडी खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली, आणि बाहेर आली ती चिखलाने माखून.

“भिंत तयार नाही,” मुकादम म्हणाला.

“कशी नाही? काल शंभर घागरी पाणी ओतून धुऊन घेतली आहे,” कारभारी म्हणाला.

“धुतल्याने काय होतं? सांध्यांतली माती दोन बोटं खोल उकरायला हवी. शेवाळ खरवडायला हवं. दगडाला टाकीने खाचा पाडायला हव्यात. मग सात दिवस भिंत भिजवायची, आणि त्यानंतर चुना. तयारीलाच चाळीस दिवस लागतील.”

“चाळीस? अहो, मुकादम, पौर्णिमा काय तुमच्यासाठी थांबून राहील?”

“पौर्णिमा नाही थांबणार. महाराज थांबतील. त्यांना सांगा.”

कारभारी हसला. “तुम्ही सांगा. मी दारापर्यंत पोहोचवतो. पुढचं तुम्ही आणि तुमची मान.” मग तो सावकाश म्हणाला, “नदीपलीकडच्या गिलावेकऱ्यांचा निरोप आला आहे. ते पंधरा दिवसांत करून देतो म्हणतात. उद्या सकाळपर्यंत मला होय की नाही ते कळवा.”

त्या दुपारी बारा घरांची माणसे चुन्याच्या घाण्यापाशी जमली. दोन हंगाम कुणाच्या हाताला काम नव्हते. घाण्याचा बैल नुसता बांधलेला होता. थाप्यांवर गंज चढला होता.

धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, भिंत आपण बांधली का? नाही. शेवाळ आपण लावलं का? नाही. तयार करून द्यायचं काम कारभाऱ्याचं. आपण वरून चुना देऊ, झकास घोटू आणि घरी येऊ.”

आत्या चुन्याच्या हातांनी पदर सावरत म्हणाली, “वा रे शहाण्या! नवरीला न्हाऊ न घालता शालू नेसवतोस होय? आत खाज सुटली म्हणजे शालू कोण धरून ठेवणार, तू की तुझा दादा?”

लोक हसले. धाकटा चिडला. “आत्या, तू चुना मळ. आपण नाही म्हटलं, तर ते नदीपलीकडचे करतील, आणि आपल्याहून वाईट करतील. निदान आपला चुना तरी चांगला आहे. बेलफळाचा गर आहे, हिरड्याचं पाणी आहे.”

“चुना चांगला आहे हे मला शिकवतोस? मी मळते तो!” आत्या म्हणाली. “पण चुना धरणार कशाला? चिखलाला?”

सारे मुकादमाकडे पाहू लागले. मुकादमाची स्वतःची लेक खालच्या आळीत दिली होती. तिच्या घरची विहीर खारट होती. तिची पोरे उन्हाळ्यात दोन कोसांवरून नदीचे पाणी आणत. चांगला हौद झाला, तर ते पाणी तिच्या दाराशी येणार होते.

मुकादमाने हातातल्या थापीवरचा गंज अंगठ्याने पुसला. शेवटी तो म्हणाला, “काम घेऊ. पण पंजा उमटवणार नाही.”

“म्हणजे?” आत्याने विचारले.

“म्हणजे भिंतीचं उत्तर मी देणार नाही. चुना माझा, भिंत त्यांची.”

आत्या उठली. जाता जाता एवढेच म्हणाली, “हात तोच आहे रे, मुकादमा.”

काम सुरू झाले आणि मुकादमाची शांती गेली. तो दोन घास खाऊन ताटावरून उठे. माणसे गिलावा देत असताना तो त्यांच्या मागून फिरे, पेरांनी भिंत वाजवी, आणि बद्द आवाज आला की हात चटकन मागे घेई. देवळात गेला तरी त्याचे लक्ष मूर्तीकडे नसे. त्याचा हात आपोआप खांबाच्या सांध्यांवरून फिरू लागे. उजवा तळवा सारखा चुरचुरे. चुन्याने पोळला असेल, म्हणून त्याने तेल लावले. तरी चुरचुर थांबली नाही.

एकदा तो कारभाऱ्याच्या दारापर्यंत गेला. राजाला भेटवा, असे म्हणायचे त्याने ठरवले होते. कारभारी जेवायला बसला होता. मुकादम ओसरीवर टेकला, पुन्हा उठला, अंगणात दोन फेऱ्या घातल्या आणि कुणी काही विचारण्याच्या आत घरी परतला. कारभारी जेवत होता, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. परमेश्वराने माणसाला दिलेल्या कितीतरी संधी अशाच समजुतींत वाया जातात.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हौद तयार झाला. गोट्याने घोटलेला चुना शंखासारखा चमकत होता.

पौर्णिमेच्या सकाळी सारे नगर लोटले. राजा काठावर उभा राहिला. खालच्या आळीतल्या बायका हळदकुंकवाची तबके घेऊन पुढे आल्या. सर्वांत पुढे मुकादमाची लेक होती. पंजा नेहमी पहिल्या पायरीपाशी असे. ती तिथे वाकली. मग दुसऱ्या बाजूला गेली. चारही कोपरे फिरून ती परत आली.

“आबा, पंजा कुठं आहे?” तिने विचारले.

मुकादमाने नजर झऱ्याच्या पाटाकडे वळवली.

“आबा, पंजाच नाही. पूजा कशाची करू?”

गर्दीत कुजबुज झाली. राजाने मान वळवली. “मुकादम, तुमचा पंजा का नाही?”

मुकादमाने तोंड उघडले. चाळीस दिवस मागायची हीच वेळ होती. राजा समोर होता आणि स्वतःहून विचारत होता. तेवढ्यात कारभारी घाईने म्हणाला, “विसरले असतील, महाराज. वय झालं त्यांचं.”

लोक हसले. मुकादमाने खाली पाहिले.

“होय, महाराज,” तो म्हणाला. “विसरलो.”

“मग आता उमटवा.”

धाकट्या भावाने चुन्याची पाटी आणली. मुकादम पहिल्या पायरीपाशी बसला. एवढ्या लोकांसमोर ओला चुना थापून त्यावर हात दाबायचा, इतकेच करायचे होते. पण हाताला जन्माची सवय होती. त्याने टाकी घेतली. वीतभर जागेतला घोटलेला गिलावा त्याने दगडापर्यंत काढला. शेवाळ खरवडले. सांध्यातली माती दोन बोटे उकरली. दगडाला खाचा पाडल्या, तीन वेळा पाणी मारले, थोडा थांबला, आणि मग चुना दाबून बसवला.

राजाचा मुलगा कंटाळून म्हणाला, “एका पंजाला एवढा वेळ?”

“हाताची सवय आहे, युवराज,” मुकादम म्हणाला.

सांध्यातून निघालेला चिखल लेकीच्या पायावर पडला. तिने चिखलाकडे पाहिले, मग बापाकडे. बापाने तिच्याकडे पाहिले नाही. त्याने पंजा उमटवला. तिने त्याला हळद लावली, कुंकू लावले आणि हात जोडले. राजाने पाट उघडला. पाणी हौदात पडू लागले. ते वरच्या पायरीला लागायला पंधरा दिवस लागले, आणि तोवर तो पंजा दगडासारखा घट्ट झाला.

फाल्गुनात पाणी हातभर उतरले. लोक म्हणाले, ऊन फार आहे. चैत्रात ते पुरुषभर उतरले. पाण्यावर चुन्याची पांढरी साय दिसू लागली. दगडांमागे पाणी शिरले होते. सांध्यांतला चिखल विरघळून वाहून गेला होता, आणि त्या वाटांनी हौद डोंगराच्या पोटात रिता होत होता. मुकादम रोज दुपारी काठावर येई, पाण्याची रेघ पाही आणि बसायच्या आत उठून जाई. झरा आटला होता. हौदात घालायला पाणी उरले नव्हते.

वैशाखात हौदाचा तळ दिसला. खालच्या आळीतल्या चाळीस घरांनी चुली विझवल्या, गुरे सोडली आणि ती माणसे नदीच्या वाटेला लागली. दर वैशाखात ती नदीकाठी झोपड्या बांधून राहत; हौदाच्या भरवशावर त्या वर्षी त्या बांधल्या नव्हत्या. म्हातारी माणसे झाडाखाली राहिली. वाटेत गुरे पडली.

राजा हौदावर आला. नगर पुन्हा जमले. भिंती उघड्या पडल्या होत्या. पांढऱ्या गिलाव्याचे पोपडे तळाशी चिखलात पसरले होते. चारही भिंतींवर चुन्याचा ठिपका उरला नव्हता. फक्त पहिल्या पायरीपाशी वीतभर गिलावा जसाच्या तसा होता, आणि त्यात पाच बोटे स्पष्ट उमटलेली होती.

कारभारी पुढे झाला. “पाहा, महाराज. पंजा मुकादमाचा आहे. मी आणखी काय सांगू?”

राजाने मुकादमाकडे पाहिले. मुकादम सांगू शकला असता की कारभाऱ्याने वीस दिवसच दिले होते. ते खरेही होते. पण त्याच वेळी डोक्यावर गाठोडे घेतलेली त्याची लेक गर्दीतून पुढे आली. ती पायरीवर बसली. तिने त्या वीतभर चुन्यावर पेरे वाजवली. तो खणखणीत वाजला.

“आबा,” ती म्हणाली, “एवढी वीतभर जागा तुम्हांला नीट जमली. मग बाकीची का नाही?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळून घ्यायचे होते.

मुकादमाने पागोटे काढून पायरीवर ठेवले. “महाराज, पंजा माझा आहे,” तो म्हणाला. “दोषही माझा. भिंत तयार नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पंजा उमटवला नाही म्हणजे मी सुटलो, असं मी मानलं. आणि पुढं तुम्ही विचारलंत, तेव्हा खोटं बोललो.”

कारभाऱ्याचे पुढे काय झाले, ते राजाने पाहिले. ते सांगण्यासाठी ही कथा नाही.

मुकादमाला राजाने शिक्षा दिली नाही. तो मान खाली घालून हौदात उतरला आणि टाकीने पहिल्या सांध्यातली माती उकरू लागला. थोड्या वेळाने धाकटा भाऊ उतरला. मग आत्या उतरली. ती म्हणाली, “सरक जरा. अंघोळ घालायची, तर मलाही जागा दे.” चाळीस दिवस बारा घरांनी चुन्याला हात लावला नाही. नुसती भिंत उकरली, खरवडली, भिजवली. पुढच्या वर्षी हौद भरला आणि भरलेला राहिला. नदीकाठची माणसे परत आली.

मुकादमाने त्यावर नवा पंजा उमटवला नाही. जुना खरवडूही दिला नाही. लेक दर पौर्णिमेला हळदकुंकू घेऊन येई आणि त्या जुन्याच पंजाला लावी. तेव्हा म्हातारा मुकादम तोंड फिरवून उभा राही.

तेव्हापासून त्या नगरातली रीत बदलली. काम संपल्यावर पंजा उमटवणे बंद झाले. आता मुकादम कामाला होकार देण्यापूर्वी उघड्या, कोरड्या भिंतीवर आपला उजवा तळवा टेकतो, डोळे मिटतो आणि परमेश्वराचे नाव घेतो. तळवा स्थिर राहिला, तर चुना भिजत घालतात. हात मागे आला, तर सारे उठून घरी जातात, आणि भिंत कुणाचीही असो, का उठलो ते तिच्या मालकाला तोंडावर सांगून जातात.

ज्या कामावर आपला पंजा उमटवायला मन कचरते, त्या कामाला हात लावू नये.