झाडाला लागलेला जिताडा

जयवंतराजांच्या ताटात आजही जिताडा नव्हता!

"पुन्हा सुका बोंबील?" राजेसाहेबांनी ताट सरकवलं. "खारेपेठचा राजा आहे मी! बोलवा त्या कोळणीला!"

वाड्याच्या मुदपाकखान्यात मासळी पोचवायची ती हरकू. टोपली डोक्यावर घेऊन ती तशीच समोर येऊन उभी राहिली.

"हरकू, जिताडा कुठं लपवलास?"

"लपवीन कुठं, महाराज? खाडीत उरलाय कुठं! तुम्हीच तोडलंत त्याला."

"मी? अगं, मासा काय तोडतात?"

"मासा नाय, तिवरं तोडलीत ना!"

ही गोष्ट मात्र खरी होती. राजेसाहेबांनी नवा सज्जा बांधला होता आणि तिथून समुद्र दिसेना, म्हणून वाड्याकडच्या काठावरचं तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, सगळं रान भुईसपाट केलं होतं. आता कुऱ्हाडी पलीकडच्या काठावर जाणार होत्या.

राजेसाहेब खो खो हसले. "तिवरं तोडली म्हणून जिताडा गेला! मासे काय झाडाला लागतात?"

"लागतात!" हरकू रागाच्या भरात बोलून गेली.

पंगतीला बसलेल्या दरबाऱ्यांनी कपाळाला हात लावला. राजेसाहेब मात्र एकदम खुशीत आले. हट्टाला पेटायला त्यांना एवढं पुरे असायचं.

"ठरलं तर! पौर्णिमेला मी सगळ्या दरबारासकट येतो. झाडाला लागलेला जिताडा दाखव. दाखवलास तर तिवराच्या पानालाही कुणी हात लावणार नाही. नाही दाखवलास, तर पलीकडचं रानही जाईल आणि तुमचा कोळीवाडाही! डोंगरामागं जाऊन राहा. सज्ज्यातून तुमच्या होड्यासुद्धा दिसायला नकोत मला!"

हरकू घरी पोचायच्या आत ही बातमी कोळीवाड्यात पोचली होती. तिचा दीर धर्मा दारातच कडाडला, "वैनी, कुणी सांगितलं होतं तोंड चालवायला? आता झाडाला मासा कुठून आणणार?"

"फांदीला दोरीनं बांधूया एक," शेजारीण म्हणाली.

"राजा हट्टी हाय, आंधळा नाय," हरकू म्हणाली. वरून ती तोऱ्यात होती, पण मनात एकच घोळत होतं. डोंगरामागं कसली आलीय खाडी?

ती पलीकडच्या काठावर जाऊन बसली. भरती चढत होती. तिवरांच्या मुळांमध्ये पाणी शिरलं, आणि त्यामागून बोटभर मासोळ्यांचे थवेच्या थवे आत घुसले. मोठ्या माशांच्या तोंडातून सुटायला जागा कोणती? हीच! हरकू बघत राहिली. मग एकाएकी उठली ती थेट होडीकडं धावली.

"धर्मा, कात्री आण! शीड कापायचंय."

"शीड? वेड लागलं का तुला?"

"आण म्हणते ना!"

पौर्णिमेला दुपारची भरती येऊन गेली आणि पाणी उतरू लागलं, तशी राजेसाहेबांची नाव पलीकडच्या काठाला लागली. तिवरांच्या खालच्या फांद्यांना शिडाच्या जाड कापडाच्या झोळ्या टांगलेल्या होत्या, बाळाला निजवायला बांधतात तशा. एका बुंध्यावर डोळे वटारून एक निवटी बसली होती.

"हा बघा, झाडावर मासा!" हरकू म्हणाली.

"ही चिखलातली निवटी! माझा जिताडा दाखव."

"मग झोळीत बघा, महाराज."

राजेसाहेब वाकले. झोळीत अजून ओंजळ-दोन ओंजळ पाणी होतं. कुजलेल्या पानांवर काचेसारखी कोळंबी चरत होती, आणि तेवढ्यात बोटभर लांबीच्या एका माशानं झडप घालून ती गट्ट केली!

आचारीबुवा पुढं झाले. जन्मभर जिताडा कापणारा माणूस! त्यांनी तो मासा तळहातावर घेतला. "महाराज, तोच जबडा, तीच गोल शेपटी. जिताडाच हा!"

"लबाडी!" राजेसाहेब गरजले. "झोळी तू बांधलीस, मासा तूच सोडला असशील!"

"झोळी मी बांधली, माशांची पोरं भरतीनं आणली. खोटं वाटत असेल तर चला तुमच्या काठावर! तिकडं तोडलेल्या खुंटांनाही अशाच झोळ्या बांधल्यात."

नाव वळली. वाड्याकडच्या काठावर राजेसाहेबांनी पहिल्या झोळीत हात घातला. गाळ. दुसरीत गाळ. तिसरीत बाही कोपरापर्यंत बरबटली, हाती आलं नुसतं गढूळ पाणी!

"इथं पान गळत नाय, महाराज," हरकू म्हणाली. "पान नाय तर कोळंबी काय खाणार? कोळंबी नाय तर जिताड्याचं पोर काय खाणार? आणि पोर नाय तर तुम्ही काय खाणार?"

धर्मानं डोळेच मिटून घेतले. राजेसाहेबांनी बाही झटकली. हरायची त्यांना सवय नव्हती.

"ते सगळं असेल. पण मी म्हटलं होतं जिताडा! माझ्या ताटात हातभर लांबीचा येतो. हा बोटभर! याला जिताडा कोण म्हणेल?"

सगळ्यांच्या नजरा हरकूकडं वळल्या. तिनं पदर खोचला.

"महाराज, माघात आंब्याच्या झाडाखाली उभं राहून तुम्ही विचारता का, की याला रस का नाय? हा जिताड्याचा मोहोर हाय! आता तुम्हीच सांगा, मोहोरलेल्या आंब्यावर कुऱ्हाड घालणाऱ्याला तुम्ही काय शिक्षा देता?"

राजेसाहेबांनी आपणच तोडवलेल्या खुंटांकडं पाहिलं. मग त्यांचं पोट गदगदू लागलं, आणि ते असे हसले की नाव डुचमळली अन् आचारीबुवा चिखलात पडता पडता वाचले!

"अगं, मलाच गुन्हेगार ठरवून माझ्याकडूनच शिक्षा वदवतेस? घे! पलीकडचं तिवरांचं रान आजपासून कोळीवाड्याचं. त्याच्या राखणीचा मान तुझा. आणि ही माझ्या हातातली सोन्याची सलकडी तुझी!"

"आणि शिक्षा?" हरकूनं सलकडी हातात चढवत विचारलं.

"शिक्षा कुऱ्हाडवाल्यांना!" राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले. "जिथं तोडलं, तिथंच लावायचं!"

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाले गुडघाभर चिखलात उतरून तिवरांची रोपं खोचू लागले. काठावर सलकडी खुळखुळवत हरकू ओरडत होती, "सरळ लावा रे, सरळ! राजांचं जेवण हाय ते!"

आणि सज्ज्यात उभे राहून जयवंतराजे पोट धरधरून हसत होते.