साकवावरचा गणू

“पण सर, चूक नेमकी कुठे आहे, ते तरी सांगा!”

शार्दूल पोंक्षे हे तिसऱ्यांदा विचारत होता. खांबेटे सर पडवीत बसून सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी तिसऱ्यांदाही मान वर केली नाही.

चाळीस वर्षांपूर्वी, पॉलिटेक्निकमधल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर सरांनी एक गेम बनवला होता. गणू नावाचा बोटाच्या पेराएवढा माणूस डोंगरातून चालतो, उड्या मारत दऱ्या ओलांडतो आणि चोवीस पडदे पार करून घरी पोचतो. एवढंच. पण त्या गणूपायी एका अख्ख्या पिढीने अभ्यास बुडवला.

शार्दूल हा सरांच्या शेवटच्या बॅचचा विद्यार्थी. हुशार होता, आणि ते त्याला कोणी सांगावं लागत नसे. सरांच्या परवानगीने त्याने गणूला कॉम्प्युटरवरून उचलून टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर आणलं. आठ माणसांची दोन वर्षं त्यात गेली. गेम बाजारात आला आणि लोकांनी त्याची पार सालटी काढली. जुने चाहते तर सगळ्यात जास्त चिडले.

गेम विकणाऱ्या कंपनीने सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. ‘हा माझाच गेम आहे’ अशा अर्थाच्या दोन ओळींखाली सरांची सही मिळाली, तर गेम राहील. नाहीतर तो बाजारातून काढून घेणार आणि शार्दूलची आठही माणसं घरी बसणार.

कागद शार्दूलच्या खिशात तयार होता.

“एक तरी फरक दाखवा, सर. दऱ्या त्याच. कडे तेच. उडीचं माप तुमच्या आलेखाच्या वहीतून मोजून घेतलंय. रेघ इकडची तिकडे नाही.”

“मग बदललंस काय?”

“फक्त गणू. अगदीच मुंगीएवढा होता तो. आता दृश्य जवळ आणलंय, तो अर्धा पडदा व्यापतो. डोळ्यांच्या पापण्यासुद्धा हलतात!”

“अस्सं...”

“लोकांनाच धीर राहिलेला नाही. पहिल्या दरीत पडतात आणि मला शिव्या घालतात.”

सरांनी सुपाऱ्यांचं सूप बाजूला सारलं. हात पुसले.

“दाखव बघू.”

शार्दूलने घरातल्या टीव्हीला यंत्र जोडलं आणि कंट्रोलर सरांच्या हातात दिला. गणू ऐटीत चालत कड्यापर्यंत आला. त्याच्या पुढे पडदा संपत होता. सरांनी उडी मारली.

गणू पडला.

सरांनी पुन्हा उडी मारली. पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही तेच झालं.

“थोडं उशिरा दाबा, सर. अगदी टोकावरून.”

“पलीकडचा कडा कुठे आहे?”

“आहे ना. पडद्याच्या जरासा बाहेर.”

“तुला कसं कळतं?”

“मला पाठ आहे.”

सरांनी कंट्रोलर खाली ठेवला.

“तुमच्या गेममध्येही लोक पडायचेच की! याच्यापेक्षा जास्त पडायचे!”

“पडायचे,” सर म्हणाले. “पडायचे खरे... आणि स्वतःलाच शिव्या घालायचे.”

विषय बदलावा म्हणून शार्दूलने गाडीतून भेट आणली. गणूचं चित्र, काचेच्या चौकटीत. जमिनीवर उभं केलं तर कमरेच्या वर येईल एवढं. सरांनी वाकून ते पाहिलं.

“पापण्या खरंच छान आहेत रे.”

“मग सही...?”

“करतो. आधी हे पलीकडे शाळेत लावून येऊ.”

शाळा वहाळाच्या, गावातल्या ओढ्याच्या, पलीकडे होती. वहाळावर पोफळीची चार खोडं टाकून केलेला साकव. सकाळी फिरायला गेलेला शार्दूल शीळ घालत त्यावरून जाऊन परत आला होता.

सर पुढे झाले. चपला हातात घेऊन पलीकडे गेले आणि वळून उभे राहिले.

“ये आता. चित्र काखेत नको. समोर धर, कपाळापर्यंत उंच, तोंड माझ्याकडे करून. गणू येताना मला दिसला पाहिजे.”

शार्दूलने चित्र उचललं. एक पाऊल टाकलं. पायाखालचं खोड किंचित हललं.

दुसरं पाऊल उचललं आणि ते हवेतच राहिलं. ना पाय दिसत होते, ना साकव, ना काठ. दिसत होती ती फक्त चौकटीची मागची फळी आणि तिच्यावरचे खिळे. खाली दगडांवरून पाणी वाहत होतं. शार्दूल घाबरला. चांगलाच घाबरला.

“सर... पाय कुठे ठेवू?”

“थोडा उशिरा ठेव.”

“अहो, मला काही दिसत नाहीये!”

“आहे ना काठ. चित्राच्या जरासा बाहेर.”

“सर!”

“मला पाठ आहे.”



शार्दूलने उचललेला पाय चाचपत मागे टेकवला. दुसराही मागे घेतला. काठावर येऊन त्याने चित्र एका पोफळीला टेकवून ठेवलं आणि तिथेच खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते. सर साकवावरून परत आले आणि त्याच्याशेजारी बसले.

शार्दूल म्हणाला, “मी हा नवा गेम खेळत होतो ना, तेव्हा एकदाही पडलो नाही हो. म्हणून मला वाटलं...”

त्याला रडू आलं, आणि सरांसमोर ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही.

सरांनी सहीसाठी हात पुढे केला.

“द्यायचाय का कागद?”

शार्दूलने खिशातून कागद काढला. पाहिला. चार घड्या घालून परत खिशात ठेवला.

“आठ माणसं आहेत, सर. सोमवारी कंपनीला मी काय सांगू?”

सरांनी चपला पायात चढवल्या.

“सांग, गणू अजून लहान व्हायचा आहे.”