सोमवारची मोळी

"…सतरा वर्षांत धुनी एकदाही विझू दिली नाही, महाराज. पावसात वर ताडपत्री धरून बसलो. अंगात ताप होता तेव्हाही उठून लाकूड सारलं. मग चिमटा माझ्या हाती द्यायला अजून काय बघायचं राहिलंय?"

भद्रनाथबाबांनी चिमट्यानं एक लाकूड जाळात सारलं.

चिमटा म्हणजे या मठाची गादी. ज्याच्या हाती चिमटा, त्याची धुनी. बाबा ऐंशीच्या पुढे गेले होते आणि त्यांच्या शिष्याला, केवलनाथाला, घाई झाली होती.

पौषातली सकाळ होती. पठारावर गवतातलं दव गोठून पांढरं पडलं होतं. केवलनाथ मात्र उघड्या अंगानं बसला होता. आपण थंडी जिंकली, याचं त्याला फार कौतुक. दोन हातांवर जाळ असला की थंडी कुणीही जिंकतो, पण हे त्याला सांगणार कोण?

"लाकूड कुठून येतं?" बाबांनी विचारलं.

"वाडीतून. सात घरं, सात वार."

एवढं उत्तर त्याला पुरेसं वाटलं. खालच्या वाडीत घरं सातच. प्रत्येक घरानं आपल्या वाराला एक मोळी धुनीला घालायची, हा बाबांच्या गुरूंपासूनचा नेम. तेव्हा रान दारात होतं. आता रान लांब गेलंय, वनखात्याचा माणूस हटकतो, आणि एका मोळीपायी बाईचा अख्खा दिवस जातो. नेम तेवढा जागचा हलला नाही. उलट केवलनाथानं तो आणखी कडक केला. ओलं चालणार नाही, काटक्या चालणार नाहीत.

"आज वार कुणाचा?"

"सोमवार. भागाबाईचा." तो जरा हसला. "येईल. गेल्या खेपेलाही तिनं कुरकुर केलीच होती."

बाबांनी मान खाली घातली… गेला सोमवार त्यांनाही आठवत होता.

त्या दिवशी भागाबाईनं मोळी आणली, पण डोक्यावरून उतरवेना. सून बाळंत होऊन सात दिवस झाले होते. लेक द्राक्षाच्या बागांत कामाला गेलेला. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी पेटती ठेवायची तर घरात लाकूड तेवढंच. एवढा एक वार सोडा, पुढं दोन मोळ्या घालते, असं ती हात जोडून म्हणाली. केवलनाथानं तिला समजावलं. धुनीला आणलेलं लाकूड माघारी नेलं तर घराला बाधतं. त्यापेक्षा अंगारा ने, बाळाच्या कपाळाला लाव, थंडी शिवायची नाही. बाई मोळी टाकून अंगारा घेऊन गेली.

आता ती पायऱ्या चढून वर आली. मोळी लहान होती. तिनं ती खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

केवलनाथानं सवयीनं एक लाकूड उचलून पारखलं. सागाचं, रंधा मारलेलं, खडखडीत वाळलेलं. टोकाला दोरी ओवायचं भोक होतं.

"हे चांगलं आणलंस," तो म्हणाला. "असं लाकूड हवं."

"पाळणा व्हता," भागाबाई म्हणाली. "बारशासाठी लेकानं करून आणला व्हता. आता लागत न्हाई."

…

लाकूड केवलनाथाच्या हातातच राहिलं.

बाई रडली नाही. जे झालं ते तिनं उभ्या उभ्या सांगितलं. बुधवारी पहाटे बाळ गार लागलं. सुनेनं ते छातीशी धरलं आणि ऊन अंगणात येईपर्यंत कुणाला देईना. आता सुनेलाच हिंव भरत होतं, खोकून खोकून ती दुमती होत होती. घरात दुसरं लाकूड नव्हतं आणि वार तर चुकवायचा नाही. तिला पुन्हा अंगारा हवा होता.

"या खेपी जरा जास्ती द्या," ती म्हणाली. "मागला कमी पडला आसंल."

बाबा उठले. कोपऱ्यातलं घमेलं त्यांनी पायानं पुढं ओढलं, चिमटा घेतला आणि धुनीतले निखारे त्यात भरू लागले. मोठे मोठे निवडून, एकेक.

केवलनाथानं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"महाराज, धुनी विझेल."

बाबा भरत राहिले.

"बेचाळीस वर्षांचा विस्तव आहे हा, महाराज…"

"ते पोर किती दिवसांचं होतं?"

केवलनाथ भागाबाईकडे बघू लागला.

"नऊ," ती म्हणाली.

बाबांनी अंगावरची घोंगडी काढून तिच्या खांद्यावर टाकली आणि केवलनाथाला काय काय करायचं ते सांगितलं. बाजेवर आधी पेंढा जाड अंथर, मग वाकळ. कुडाच्या फटी शेणामातीनं बुजव. दार मात्र चार बोटं उघडं ठेव, कोंडलेल्या घरात निखाराही जीव घेतो. मग तसाच उपकेंद्रात जा आणि नर्सबाईंना घेऊन ये, अंगाऱ्यानं ताप उतरत नसतो.

भागाबाई सगळं ऐकत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमाला ठावं व्हतं हे समदं?"

"होय."

"मागल्या सोमवारी तुमी हितंच बसला व्हता."

"अमावास्या होती," बाबा म्हणाले. "अमावास्येला माझं मौन असतं."

बाईनं समजल्यासारखी मान हलवली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घमेलं डोक्यावर आणि कालची उरली लाकडं काखेत घेऊन केवलनाथ तिच्यामागून पायऱ्या उतरला.

तो परतला तेव्हा उन्हं कलली होती. धुनीच्या खड्ड्यात नुसती राख होती. बाबा तिच्या काठाशी उघडेच बसले होते. पाळण्याची लाकडं त्यांच्या बाजूला तशीच होती.

नर्सबाई येऊन गेल्या होत्या. इंजेक्शन दिलं, छातीत कफ फार आहे म्हणाल्या, उद्या सकाळी जीप आली की तालुक्याला न्यायचं. आजची रात्र ऊब सोडू नका, असं त्यांनी बजावलं होतं. केवलनाथानं हे भराभर सांगून टाकलं. त्याला दुसरंच काही सांगायचं होतं. त्यानं उपरण्याखालून एक खापरी काढली आणि वरची राख फुंकली. आत एक निखारा लाल झाला.

"तिच्याच शेगडीतला आहे, महाराज. म्हणजे आपलाच विस्तव. धुनी खंडली नाही…"

बाबांचे हात आपसूक पुढे आले. थंडीनं बोटं आखडून गेली होती. ती खापरीपर्यंत गेली, क्षणभर थांबली… आणि परत काखेत गेली.

"ज्या शेगडीतून उचललास," बाबा म्हणाले, "तिथं नेऊन ठेव."