वाऱ्याचं काम

एकदा एका फुटबॉल संघातल्या तरुण गोलरक्षिकेला सकाळच्या सरावाआधी एक क्षुल्लक गोष्ट खटकली. मैदानाच्या कडेला त्यांच्या वृद्ध प्रशिक्षकांची खुर्ची रोजच्याच जागी होती, पण उलटी मांडलेली. तिचं तोंड कुंपणापलीकडच्या उसाकडे होतं आणि पाठ मैदानाकडे. झाडलोट करताना कुणीतरी फिरवली असेल, असं समजून ती सरळ करायला धावली. तेवढ्यात प्रशिक्षक मागून आले, त्यांनी हातानेच 'राहू दे' म्हटलं आणि उसाकडे बघत शांतपणे बसले.

ही गोलरक्षिका म्हणजे यामिनी; एवढ्याशा गोष्टीनेही ती धास्तावली. तिचा स्वभावच तसा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, पण वसतिगृहात कुणाचं दार आपटलं तरी तिच्या हातातलं पुस्तक खाली पडायचं.

प्रशिक्षक मूळचे आइसलँडचे. ऐन उमेदीत ते त्या बेटाच्या राष्ट्रीय संघाचे बचावपटू होते. पुढे, ज्यांच्याकडून कोणी फारशी आशा धरत नाही अशा तीन लहान देशांचे संघ त्यांनी घडवले, आणि उतारवयात आपल्याकडच्या मुलींना शिकवायला आले. नाव घेताना जीभ अडखळे, म्हणून मुली त्यांना आजोबा म्हणत. मराठी ते साध्या, छोट्या वाक्यांत बोलत. त्यांच्या देशात कोणी कोणाला अहोजाहो करत नाही. त्यामुळे फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनाही ते भर बैठकीत "तू दमलास, तू चहा घे" म्हणत. अध्यक्षांना ते मनातून आवडत असावं, कारण त्यांनी कधी तक्रार केली नाही.

यामिनीला गोलात उभं केलं ते त्यांनीच. निवडीच्या दिवशी जेवणाच्या मांडवात ताटांची चळत कोसळली. बाकीच्या मुलींनी वळून पाहिलं, तोवर ती दचकून दोन पावलं बाजूला झालेली होती. मुली फिदीफिदी हसल्या. आजोबा मात्र म्हणाले, "हिला सगळ्यांच्या आधी कळलं. ही गोलात."

आणि खरोखरच तिला आधी कळे. कोपऱ्यातून चेंडू उंच आला की समोरच्या संघातली मोकळी सुटलेली मुलगी सर्वांत आधी तिलाच दिसे. पण सांगायचं कुणाला? बचावाची सूत्रं कर्णधार हेमांगीकडे. वयाने मोठी, खेळात निष्णात आणि जिभेने तिखट. तिला भर मैदानात हुकूम कसा सोडायचा? म्हणून यामिनी ओरडे, "आजोबा, डावीकडची मोकळी आहे!" आजोबा कडेवरून गरजत, "हेमांगी, डावी!" आणि हेमांगी धावे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटतच नसे.

त्या सकाळी चेंडू कोपऱ्यातून आला. "आजोबा, उजवीकडची मोकळी आहे!" यामिनी ओरडली. आजोबांची पाठ हलली नाही. चेंडू जाळ्यात गेला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं.

हेमांगी कमरेवर हात ठेवून आली. "कुणाला हाका मारतीस गं? आजोबा उतरणार हाईत व्हय मैदानात?"

मागून एक मुलगी खिदळली, "आजोबा रुसल्यात. त्यांना ऊस पायजे खायला."

यामिनीला हसू आलं नाही. रविवारी अंतिम सामना होता आणि दुसरी गोलरक्षिका कडेला हातमोजे घालून उड्या मारत होती. आजोबांनी आपल्याला मनातून काढून टाकलं, म्हणूनच त्यांना आपल्याकडे बघवत नाही, अशी तिची खात्रीच पटली.

सराव संपल्यावर ती त्यांच्या खोलीसमोर जाऊन उभी राहिली. आजोबा ओसरीवर बसले होते. साखरेचा खडा दातांत धरून त्यावरून काळी कॉफी ओढून घ्यायची, ही त्यांच्या गावाकडची रीत त्यांनी इथेही सोडली नव्हती.

"माझी जागा गेली का, आजोबा?"

"कोण म्हणालं?"

"तुम्ही पाठ फिरवलीत. मी हाका मारत होते. दोन गोल झाले."

"मी ऐकत होतो," आजोबा म्हणाले. "छान हाका. दोन्ही बरोबर."

ती गोंधळली. "मग उत्तर का नाही दिलंत?"

आजोबांनी कप खाली ठेवला आणि तिला पायरीवर बसायला सांगितलं.

"माझं गाव समुद्राच्या काठावर," ते म्हणाले. "मासे वाळवायचे लाकडी मांडव, त्यांच्यापुढे काळ्या खडीचं मैदान, आणि मग समुद्र. गवत नाही, झाड नाही. वारा मात्र सारखा. आमचा प्रशिक्षक कडेला उभा राहून ओरडायचा, आणि त्याचा आवाज वारा समुद्रावर घेऊन जायचा. आम्हाला फक्त त्याचं उघडं तोंड दिसायचं." आजोबांनी तोंड वासून दाखवलं. यामिनीला नको असतानाही हसू फुटलं.

"मग आम्ही काय करणार? एकमेकांना विचारायचो. जवळ जाऊन, कानात ओरडून. 'तुझ्याकडे?' 'माझ्याकडे!' उत्तर आल्याशिवाय कोणी हलायचं नाही. पुढे मला परदेशातल्या मोठ्या क्लबने नेलं. केवढं मैदान, केवढे लोक! गोंगाटात प्रशिक्षकाचा शब्द कुणाला कळेना. माझे सोबती त्याच्याकडे बघत उभे राहायचे. मी शेजारच्याकडे बघायचो. लोक म्हणाले, हा फार शूर आहे, फार थंड डोक्याचा आहे. मला देशाच्या संघात घेतलं, कर्णधार केलं. शूर कसला! मला वाऱ्याने शिकवलं होतं." त्यांनी कप पुन्हा उचलला. "नंतर ज्या ज्या देशात शिकवायला गेलो, तिथे सुंदर मैदानं होती, पण तो वारा नव्हता. इथेही नाही. मग वाऱ्याचं काम कुणी करायचं? मी करतो. पाठ फिरवतो."

"पण हेमांगीताईंनी माझं ऐकलं नाही तर?"

"ती बहिरी नाही. तू हाक मला मारतेस, मी उत्तर देतो. मग बाकीच्या दहा जणींना ऐकायची गरजच उरत नाही. दोष त्यांचा नाही, तुझाही नाही. माझा आवाज फार सोयीचा झालाय."

"मी लहान आहे त्यांच्याहून. मी कसं ओरडू त्यांच्यावर?"

"तिच्यावर नको. तिच्यासाठी ओरड. तिच्या पाठीला डोळे नाहीत."

यामिनी नखं कुरतडू लागली. "आणि एवढं करून गोल झाला तर?"

"तर झाला," आजोबा म्हणाले. "शिव्या मला पडतील, त्यासाठीच म्हातारा माणूस ठेवतात. पण रविवारी गोलात तूच आहेस."

शिष्याच्या प्रत्येक हाकेला धावून जाणारा गुरू सर्वांना प्रिय असतो. त्याच्या मौनातही तितकीच माया असू शकते, हे मात्र एकदम ध्यानात येत नाही. यामिनीला तरी ते त्या दुपारी डोक्याने कळलं. हेमांगीला हाक मारायची हिंमत मात्र अजून आली नव्हती.

रविवारी त्याच मैदानाभोवती प्रेक्षक दाटीवाटीने बसले होते. आजोबांनी खुर्ची फिरवली तेव्हा एकच हशा उठला. "म्हातारबा, खेळ हिकडं हाय!" कुणीतरी ओरडलं. संघटनेचे अध्यक्ष घाम पुसत त्यांच्याजवळ आले. "अहो, लोक काय म्हणतील?"

"तू बस," आजोबा म्हणाले. "ऊस छान आहे."

पहिल्या सत्रात यामिनीने दोनदा हाक मारली. आवाज हेमांगीपर्यंत पोचलाच नाही. एक चेंडू खांबाला लागून परतला. दुसरा तिने कसाबसा बाहेर ढकलला आणि हेमांगीने नुसतं वळून कपाळाला आठ्या घातल्या. उत्तरार्धात आपल्या मुलींनी एक गोल केला, आणि तेवढ्या एका गोलाच्या आधारावर सामना अखेरच्या क्षणांपर्यंत येऊन ठेपला.

तेव्हा समोरच्या संघाला कोपऱ्यातून फटका मिळाला. गोलासमोर गर्दी झाली, ढकलाढकली सुरू झाली. त्या गर्दीच्या मागून एक उंच मुलगी हळूच सुटताना यामिनीला दिसली. तिच्या ओठांवर सवयीने 'आजोबा'तला 'आ' आलाच होता. तो तिने गिळला.

"हेमांगीताई! मागची मोकळी आहे!"

प्रेक्षकांचा कल्लोळ उसळला. कुणी हललं नाही. कोपऱ्यावरच्या मुलीने चेंडू खाली ठेवला आणि ती चार पावलं मागे सरली. सूचना येईल म्हणून हेमांगीने मैदानाबाहेर नजर टाकली. तिथे एक रुंद, म्हातारी पाठ तेवढी होती.

यामिनीने छाती भरून श्वास घेतला. आपला आवाज एवढा मोठा असेल असं तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"हेमांगी! मागे! उंच मुलगी!"

हेमांगीची मान गर्रकन वळली. एक क्षण तिने यामिनीकडे असं पाहिलं, जणू गोलात कुणीतरी उभं आहे हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. मग ती दोन ढांगांत मागे गेली, त्या उंच मुलीला खांदा लावून उभी राहिली आणि चेंडू हवेत उठताच ओरडली,

"धरली गं! तू ये बाहेर, चेंडू तुझा!"