गवसणीतली सतार

कोल्हापूरजवळच्या एका प्राथमिक शाळेत मुलांना सतार ऐकवायला पंडित चंद्रचूड नेवाळकर आले. सतार गवसणीतच ठेवून त्यांनी आपलं घराणं, आपले पुरस्कार आणि आपल्या परदेशवाऱ्या सांगायला सुरुवात केली. तास संपत आला. मुलं चुळबुळ करू लागली, तसे पंडितजी भडकले.

"गाढवाला गुळाची चव काय! बाई, न्या यांना वर्गात."

मुलांचे चेहरे पडले. तिसरीतली सुगंधा चौगुले मात्र उभी राहून म्हणाली, "पंडितजी, चव कळणार कशी? गूळ तुम्ही अजून दिलाच नाही. मघापासून नुसतं गुऱ्हाळच चाललंय."

बाईंनी तोंडाला पदर लावला. पंडितजी लालबुंद झाले, पण मुकाट्यानं गवसणी सोडून वाजवायला बसले. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी एकही पोर जागचं हललं नाही.