गजूचे दात

"…आणि हे दात कुणाचे?"

लियाकत उस्तादांनी फोटोवर बोट आपटलं. शेजारचा चहा बशीत सांडला.

प्रज्योत त्यांच्या दुकानात फोटोचं एडिटिंग करायचा. त्याचं डोकं तापलं होतं. अख्खी दुपार त्यानं या एका फोटोवर घातली, आणि समोरची बाई त्याला हात लावायला तयार नव्हती!

ती बाई म्हणजे सुलोचना हावळ. उद्या तिच्या पोराचं बारावं होतं. गजूचा फोटो म्हणावा तर तिच्याकडं एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेतला, या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत आलेला. त्यात गजूचं डोकं शेंगदाण्याएवढं. तेवढं कापून मोठं करून हवं होतं, उद्या हार घालायला. दुसरं काही मागत नव्हती बिचारी.

"माझा गजू दात दाखवून हसायचाच न्हाई," ती म्हणाली. "पुढचा दात ल्हानपणीच तुटलेला. लाजायचा. तोंड मिटून हसायचा. आणि ह्यानं बघा, बत्तिशी बसवलीया! कुणाचं पोर आणून ठेवलंय माझ्यापुढं?"

"काकू, मुळात तुमचा फोटोच फालतू होता."

"फालतू?" उस्तादांचा आवाज चढला.

प्रज्योतही उसळला. म्हातारा गिऱ्हाइकासमोर पाणउतारा करतो म्हणजे काय! अख्ख्या इचलकरंजीत असलं एडिटिंग करणारं दुसरं कोण आहे, दाखवा म्हणावं.

"उस्ताद, तुम्ही सिनेमाची पोस्टरं रंगवलीत, मान्य. पण हे कॉम्प्युटरचं काम आहे. फोटो म्हणजे नुसत्या बारीक चौकटी असतात. पिक्सेल! या पोराच्या ओठांच्या वाट्याला जेमतेम दोन-चार आलेत. रिझोल्यूशनच नाही त्याला. मोठं करायचं म्हटलं की मधे नवे पिक्सेल भरावे लागतात. सॉफ्टवेअर आजूबाजूचं बघून अंदाजानं भरतं."

"अंदाजानं."

"हो, अंदाजानं!"

"सॉफ्टवेअरनं गजूला बघितलं होतं?"

"…नाही."

"तू?"

"…नाही."

"मग कुणाच्या जिवावर दात बसवलेस, हरामखोर?"

उस्तादांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. 'एडिटिंग : प्रज्योत'.

नाव टाकू द्या म्हणून हा गडी कामाला लागल्यापासून मागं लागला होता. उस्ताद दर वेळी नाही म्हणायचे, कारण सांगायचे नाहीत. आज त्यानं न विचारताच टाकलं होतं.

"असल्या दातांखाली नाव?" उस्तादांनी फोटोचे दोन तुकडे केले.

प्रज्योतच्या कानशिलाच्या शिरा फुगल्या. आत्ताच्या आत्ता चालता होतो, असं तोंडापर्यंत आलं होतं.

"मूळ फाइल आहे?" उस्तादांनी दरडावलं.

"आहे."

"त्यातला गजू तेवढा कापून छाप. फ्लेक्सवर, पुरुषभर उंच. शार्प करायचं नाही, पुसायचं नाही, काही भरायचं नाही. चौकटीला चौकट."

"लोक हसतील!"

"छाप म्हणतो ना!"

छापतो. होऊ दे शोभा. मलाही बघायचंय, असं मनाशी म्हणत प्रज्योतनं मशीन सुरू केलं.

शोभा झालीच. फ्लेक्सवर तपकिरी, काळ्या, पिवळट चौकटी आल्या, न्हाणीघरातल्या फरशीसारख्या. नाक नाही, डोळा नाही. सुलोचनाबाईंनी एकदा बघितलं आणि त्यांचा तोल गेला.

"थट्टा लावलीय का रं गरिबाची? मुडदा बशिवला तुमच्या मशीनचा!"

उस्तादांनी फ्लेक्स ओढून घेतला. तो शेजारच्या बंद दुकानाच्या शटरला अडकवला, एका हातानं प्रज्योतची कॉलर धरली आणि निघाले.

"सोडा, उस्ताद! लोक बघायलेत!"

"चल. काकू, तुम्हीपण या."

रस्ता ओलांडला. उसाच्या रसाचा गाडा मागं टाकला. पार पलीकडं, यंत्रमागाच्या शेडच्या भिंतीपाशी उस्ताद थांबले. आत माग खडखडत होते.

"आता वळा."

समोरून सुताची बाचकी भरलेला टेम्पो चालला होता. तो गेला.

प्रज्योतनं रागारागानंच वर बघितलं, आणि बघतच राहिला. चौकटी कुठं गेल्या कुणास ठाऊक! शटरवर एक पोरगा उभा होता. मान जराशी कललेली, ओठ घट्ट मिटलेले. हसत होता.

सुलोचनाबाईंनी तोंडावर पदर धरला.

"…गजू."

मग एकदम त्या त्याच्यावरच चिडल्या. रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "लोकाच्या लग्नातसुद्धा केस विंचरून गेला न्हाईस व्हय रं, मेल्या…"

तो शब्द तोंडातून गेला आणि त्या मटकन भिंतीशी बसल्या. मोठ्यानं रडल्या. दोघांपैकी कुणी त्यांना गप केलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या. "असाच द्या," म्हणाल्या. "उद्या मंडपाच्या पार त्या टोकाला लावते."

प्रज्योत एकटाच रस्ता ओलांडून गेला. जवळ गेला तशी पोराची मान विरघळली, ओठ विरघळले, पुन्हा नुसत्या चौकटी राहिल्या. ओठांच्या जागी जेमतेम दोन-चार. त्यानं त्यांच्यावरून बोट फिरवलं.

फ्लेक्स गुंडाळून तो आला तेव्हा त्याची मान खाली होती.

"उस्ताद… नावाचा कोपरा मोकळा आहे. राहू दे ना तसाच?"

उस्तादांचा राग अजून उतरला नव्हता.

"टाक तुझं नाव," ते म्हणाले. "यात तू अंदाजानं काहीच भरलं नाहीस."