महाराजांच्या डोक्यावरचा पहारेकरी

"कोणीतरी फुंकर मारली! कोण आहे तो? पुढे या!"

महाराज धैर्यसेन न्यायासनावरून गरजले. पुढे कोण येणार? दरबारातल्या साऱ्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता. आणि महाराजांच्या डोक्यावर एक लांबलचक बट कोंबड्याच्या तुऱ्यासारखी ताठ उभी होती!

महाराजांचे केस विरळ झाले होते. टाळू तर पार उघडी पडली होती. म्हणून त्यांनी डाव्या कानावरची बट हातभर वाढवली होती. रोज सकाळी ती टाळूवरून पलीकडे उजव्या कानापर्यंत न्यायची आणि डिंकाने चिकटवायची. एरवी वर पगडी असे, त्यामुळे निभावून जाई. पण न्याय देताना राजाने पगडी उतरवून बसायचं, ही त्या घराण्याची रीत. म्हणून न्यायाच्या दिवशी दरबाराच्या सगळ्या खिडक्या बंद! म्हादू पंखेवाला पंखा धरून नुसता उभा. फिर्यादी घामाने निथळत, आणि निम्मे जण भांडण विसरून पाणीच मागत.

आज कोणीतरी दार उघडलं, आणि घात झाला.

महाराजांनी घाईघाईने पगडी चढवली आणि भिकोबा न्हाव्याला बोलावलं.

"भिकोबा, पुढच्या न्यायसभेत माझी अशी हजामत कर की सोसाट्याचा वारा आला तरी केस हलता कामा नये. टक्कल कोणाच्या नजरेत भरता कामा नये. आणि खबरदार, या बटेला कात्री लावलीस तर! जमलं नाही तर थेट तुरुंगात!"

भिकोबा घरी आला आणि एक नारळ घेऊन बसला. त्याच्या शेंडीला त्याने मेण लावलं, लाख लावली, गूळसुद्धा लावला. गुळाला मुंग्या आल्या.

त्याची मुलगी येसू हे सगळं बघत होती. वस्तरा बापासारखाच चालवायची, आणि जीभ वस्तऱ्यापेक्षा जास्त.

"बाबा, महाराजांना टक्कल आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मग हे लपवायचं कोणापासून?"

"हळू बोल, पोरी! तुरुंगात मला जायचंय!"

"कोणी जात नाही तुरुंगात. धोकटी द्या इकडे. मी जाते."

न्यायसभेच्या दिवशी वस्तरा-कात्रीची धोकटी काखेत मारून येसू दरबारात उभी राहिली.

"तुझा बाप कुठाय?" महाराजांनी विचारलं.

"दाराबाहेर कापतोय, महाराज. आधी माझी एक फिर्याद ऐका, मग हजामत."

"लवकर बोल. उकडतंय!"

"एक पहारेकरी आहे, महाराज. त्याला डाव्या वेशीवर नेमलंय. पण तो आपली जागा सोडून थेट उजव्या वेशीपर्यंत जातो आणि तिथे आडवा पडून राहतो."

"पहाऱ्यावर झोपतो?"

"आडवाच! आणि जराशी झुळूक आली की दचकून उभा राहतो. जी जागा झाकायला गेला, तीच साऱ्या जगाला दाखवतो!"

प्रधानांना ठसका लागला. त्यांनी घाबरून तोंडावर उपरणं दाबलं.

"असला नालायक माझ्या राज्यात?" महाराज कडाडले. "उडवा त्याचं मुंडकं! आत्ताच्या आत्ता!"

"न्यायासनावरचा हुकूम ना, महाराज? मागे नाही ना घेणार?"

"या आसनावरचा शब्द माझ्या पणजोबांपासून कोणी फिरवलेला नाही!"

"मग मान हलवू नका."

कच्च! हातभर बट महाराजांच्या मांडीवर येऊन पडली.

महाराज लालबुंद झाले. "कात्री लावायची नाही म्हणून बजावलं होतं ना मी?"

"बजावलं होतंत, पण तेव्हा डोक्यावर पगडी होती. आत्ताचा हुकूम बोडक्या डोक्याने दिलात. यातला मोठा कोणता, तुम्हीच सांगा."

महाराजांनी मांडीवरची बट उचलून बाजूला ठेवली.

"आता कडेचेही बारीक करू द्या," येसू म्हणाली. तिची कात्री चालायलाही लागली होती. "कडेला झाडी वाढली की मधला माळ जास्तच डोळ्यांत भरतो. झाडी उतरवली की सगळं रान सारखं दिसतं."

कानांवरचे झुपके गेले. मानेवरचे गेले. वर जे थोडे होते, तेही तिने तांदळाएवढे ठेवून एकसारखे केले. मग तिने आरसा पुढे धरला.

महाराजांनी मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिलं. आरशात रुंद कपाळाचा, तडफदार माणूस होता.

"पण टाळू दिसतेच की!" ते हळूच म्हणाले.

"दिसते, महाराज. पण लपवलेली दिसत नाही!" येसू वळली. फिर्याद घेऊन आलेली एक म्हातारी पुढेच बसली होती. "आजी, महाराजांकडे बघून खरं सांगा. नजरेत काय भरतं?"

म्हातारीने डोळे बारीक केले. "डोळे, बाई. चांगले पाणीदार आहेत की! इतके दिवस मी मेली त्या बटेकडेच बघत होते, कधी उठते म्हणून!"

प्रधानांनी डोळे मिटून घेतले.

"खिडक्या उघडा!" महाराज म्हणाले.

खिडक्या धडाधड उघडल्या. वारा भणाणत आत शिरला. कागद उडाले, प्रधानांचं उपरणं उडालं. महाराजांच्या डोक्यावरचा एक केस हलेल तर शपथ!

महाराजांनी टाळूवरून हात फिरवला आणि ते हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दरबारही हसला, आधी चोरून, मग मोकळेपणाने.

"भिकोबा, आत ये! तुरुंग नाही, पण आता तुला कामही नाही!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं. "पोरी, आजपासून राजाची हजामत तू करायचीस. आणि या खिडक्या पुन्हा बंद व्हायच्या नाहीत!"

तेवढ्यात न्यायासनामागून म्हादू पंखेवाला चाचरत म्हणाला,

"महाराज, आता मीही हा पंखा हलवून बघू का? घरच्यांना सांगत आलोय, दरबारात पंखा हलवतो म्हणून!"